युसूफच्या हातातला हवेचा हातोडा

युसूफ,

शुक्रवारी तुला माती देऊन आलो. आज सकाळी गॅरेज उघडलं आणि कंप्रेसरच्या टाकीखालची चावी फिरवली. साठलेलं गढूळ पाणी सुर्रकन जमिनीवर आलं. हे काम तुझं होतं. ओली हवा हातोड्याच्या पोटात गेली की आतला दट्ट्या गंजतो, म्हणून त्या चावीला तू दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाहीस. आज मी लावला आणि कुणी ओरडलं नाही.

पौडच्या बाजारात लोक तुझ्याबद्दल बोलतात. भला माणूस होता, कुणाला नाही म्हणाला नाही, असं. ते खरंच आहे, पण त्यानं माझं भागत नाही. माझं तुझ्याशी काम आहे. आपला वाद अर्धाच राहिलाय.

वाद तसा पहिल्या दिवसापासूनचा. मी उरवड्याच्या कारखान्यात वेल्डिंग शिकलेला, आगीवर भरवसा ठेवणारा. तू पौडचा फिटर, तुझा भरवसा दणक्यावर. पिरंगुटच्या पुढं रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकून आपण भागीत गॅरेज काढलं, तेव्हा माझ्या वस्तीतले म्हणाले, सुदाम, तू भट्टी आणि तो घण, तुमचं जमायचं कसं? जमलं ते भांडून जमलं. खडीच्या ट्रकांच्या पुढच्या चाकांतल्या पिना गंजून बसायच्या. मी म्हणायचो, लाल करतो, मऊ होऊन निघेल. तू माझ्या हातातली गॅसची नळी बाजूला सारायचास.

"आगीनं लोखंडाचा जीव जातोय, सुदाम. निघंल ती, पण आजूबाजूचं कामाचं ऱ्हानार न्हाई."

आणि घण उचलायचास. दुपार सरायची तरी ठोकत असायचास. तुझी पाठ घामानं चमकायची, पिन हलायची नाही, आणि मी हसायचो. तूही हसायचास, पण घण खाली ठेवायचा नाहीस.

मग तू पुण्याला सामान आणायला गेलास आणि एका बॉडी बांधणाऱ्याच्या कारखान्यात हवेचा हातोडा बघून आलास. त्या संध्याकाळी भाभीनं वाढलेलं ताट तुझ्यासमोर तसंच पडलं होतं. तू हातवारे करून सांगत होतास, "हातभर पिस्तूल असतंय बग. माग हवंची नळी, म्होरं छिन्नी. घोडा दाबला की छिन्नी आपुन आपुन नाचतीया. मानसानं नुसतं धरायचं." भाभी म्हणाली, "आधी जेवा, मंग नाचवा छिन्नी." तू जेवलास, पण काय जेवलास ते तुला कळलं नसेल.

तो हातोडा घ्यायला आपण दोघं पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. दुकानदारानं फळीवर सगळे मांडले. त्यातला एक भलाथोरला होता, गोदीतून निघालेला, दोन हातांनी उचलावा लागणारा. माझं मन त्याच्यावर बसलं. एवढा पैलवान असल्यावर कुठली पिन टिकेल? तू मात्र कोपऱ्यातला एक आखूड, काळपट हातोडा उचललास. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंतही न भरणारा. मी म्हणालो, "हे काय खेळनं घ्यायलास?"

तू दुकानदाराकडं लाकडाची फळी आणि पत्र्याचा तुकडा मागितलास. पत्रा फळीवर ठेवलास, छिन्नी टेकवलीस, आणि घोडा इतका हळू दाबलास की हातोडा आधी नुसता गुरगुरला. मग एकेक दणका मोजून मागितल्यासारखा पडायला लागला. पत्रा सरळ रेषेत कापला गेला. तू फळी उचलून मला दाखवलीस. तिच्यावर ओरखडाही नव्हता. मोठ्या हातोड्यानं तेच करून बघितलं तर घोडा दाबताक्षणी तो उसळला, आणि पत्र्यासकट फळीचे दोन भाग झाले.

"आपल्याला डोंगर फोडायचा न्हाई," तू म्हणालास. "पिन काढायची हाय. आन ह्या रेड्याला हवा किती लागंल? आपली टाकी दोन घोटात पिऊन टाकंल ह्यो."

दुकानदार माझ्याकडं बघून म्हणाला, "घ्या, ह्यांना कळतंय." मी पैसे मोजले. एसटीत तू ते खेळणं टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलंस, आणि चांदणी चौक येईपर्यंत मला समजावत होतास. वजन किती असावं, छिन्नीचं बूड आत किती घट्ट बसावं, घोडा बोटाचं कसं ऐकला पाहिजे. शेजारचा माणूस उठून दुसरीकडं जाऊन बसला.

घेतला म्हणून तो लगेच वश झाला असं नाही. पहिल्याच आठवड्यात छिन्नी धरून ठेवणारी तोंडाची स्प्रिंग चढवायची राहिली. तू हवेतच घोडा दाबलास आणि छिन्नी सुटून शेडच्या पत्र्यातून आरपार गेली. पलीकडं म्हैस बांधलेली होती. म्हैस वाचली, पण म्हशीच्या मालकिणीनं आपल्या दोघांच्या घराण्यांचा जो उद्धार केला तो सगळ्या पिरंगुटानं ऐकला. त्या दिवसापासून तुझा नियम झाला. आधी टेकवायचं, दाबून धरायचं, मगच घोडा. रिकाम्या हवेत कधी नाही. सकाळी नळी जोडायच्या आधी तेलाचे थेंब. डोळ्यांवर चष्मा. छिन्नी बोथट झाली की काम थांबवून धार. उरवड्याच्या लेथवाल्याकडून तू छिन्न्या करून घेतल्यास. एक पत्रा फाडायची, एक रिव्हेटचं डोकं उडवायची, एक नुसती बोथट, पिनेला मागून ढकलायची. प्रत्येकीची जागा भिंतीवर ठरलेली होती.

कानात तू कापूस घालायचास. पण रिव्हेट सुटायची वेळ आली की कापूस काढायचास. मी ओरडायचो. तू म्हणायचास, "आवाज बदलतोय रं. पकड हाय तवर मुका असतोय. सुटायला आली की वाजाय लागती. ती वाजल्याबरुबर हात आकडला न्हाई तर छिन्नी आत घुसती." तो फरक ऐकायचा मी किती प्रयत्न केला. मला नुसता कडकडाट ऐकू यायचा.

हे सगळं मी का आठवतोय ते तुला माहीत आहे. धरणाकडच्या उतारावरचा तो ट्रक.

भातं झोडून झाली होती. दुपारची वेळ. खाणीवरच्या बबनचा ट्रक दुरुस्त होऊन दारात उभा होता, आणि बबन चहा पीत होता. मुळशीकडून आलेल्या एसटीचा ड्रायव्हर गाडी थांबवून खाली उतरला. म्हणाला, भाताच्या पोत्यांचा ट्रक रस्ता सोडून झाडावर आदळलाय, ड्रायव्हर बाहेर फेकला गेला, पण केबिनमध्ये नर्सबाई अडकल्यात. नर्सबाई म्हणजे आपल्या कुंदाबाई. धरणाच्या काठच्या वाड्यांत निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. माझी थोरलीसुद्धा. एसटी चुकली म्हणून त्या ट्रकात बसल्या होत्या.

मी गॅसच्या टाक्या बबनच्या ट्रकात चढवल्या. तू हातोडा, छिन्न्या आणि गॅरेजातली सगळी नळी घेतलीस. मी म्हणालो, "आरं, तितं हवा कुटनं आननार? कंप्रेसर काय डोक्यावर न्यायचा?" तू बबनच्या ट्रकाखाली बोट दाखवलंस. "हिला हवंचे ब्रेक हायेत. टाकी हाय की हिला."

तिथं पोचलो तर ट्रकाचं तोंड जांभळाच्या बुंध्यात घुसलेलं होतं आणि खाचरात डिझेल पसरलं होतं. त्यावर फुटलेल्या पोत्यांतलं भात आणि वाळला पेंढा. केबिनचा पुढचा भाग आत दुमडून कुंदाबाईंच्या पायावर बसला होता. त्या शुद्धीवर होत्या. चेहरा चुन्यासारखा, पण आवाज दवाखान्यात असतो तसाच. म्हणाल्या, "उजव्या पायाची बोटं मघाशी दुखत होती. आता दुखत नाहीत. म्हणजे फार वेळ नाही माझ्याकडे."

माझा हात आपोआप गॅसच्या चावीवर गेला. तू माझ्या मनगटाला धरलंस. नजरेनं खालचा पेंढा दाखवलास. मी चावी सोडली आणि टाक्या मागं नेऊन रस्त्यावर ठेवल्या.

त्यानंतर तू जे केलंस ते मी इतक्यांना सांगितलंय, पण तुला कधी सांगितलं नाही. तुला वाटायचं, तू तिथं होतास म्हणजे तुला माहीत आहे. तुला नाही माहीत. तू आत होतास. बघत मी होतो.

बॅटरीच्या तारा सोडवल्यास. बबनच्या ट्रकाच्या टाकीला नळी जोडलीस आणि त्याला सांगितलंस, इंजिन रेसवर ठेव, काटा चढला की हाळी दे. खाचरातल्या बायांना कळश्या भरून आणायला लावलंस. छिन्नीवर पाण्याची धार पडत राहिली पाहिजे, ठिणगी नको. मग पत्रा धरणाऱ्या रिव्हेटी उडवायला पालथा झोपून, खांद्यापर्यंत त्या दुमडलेल्या पत्र्यात शिरलास. आत अंधार. मी फुटक्या आरशाचा तुकडा घेऊन उन्हाचा कवडसा आत पाडला, तोही तुझ्या कोपरापर्यंतच पोचत होता. पुढं तुला दिसत नव्हतं.

"बाई," आतून तुझा आवाज आला, "मला दिसंना. दनका कुटं लागतोय त्ये तुमी सांगायचं. हाडात घुमला की सांगा."

बबन ओरडला, "भरली!" आणि हातोडा गुरगुरला.

"नडगीत," कुंदाबाई म्हणाल्या. "वर. अजून वर. आता नाही लागत."

"मंग हितंच."

थोडा कडकडाट झाला की हवा संपायची आणि हातोडा मरायचा. मग नुसतं इंजिन, बायांच्या कळश्यांचं पाणी, आणि बबनच्या हाकेची वाट. त्या शांततेत बाई डोळे मिटून बसायच्या. तू आतून त्यांच्याशी बोलायचास. काय तर, "बाई, सुदामची थोरली जल्मली तवा ह्यो दाराभायेर रडत हुता म्हनं, खरं का?" आणि बाई तसल्या दुखण्यात म्हणाल्या, "रडत नव्हता. चुलीत फुंकर घालत होता, धूर गेला डोळ्यात." भरली, बबन ओरडायचा. पुन्हा हातोडा.

तो थोरला हातोडा आपण आणला असता तर बबनच्या टाकीनं त्याला दोन दणकेही दिले नसते, आणि तो त्या जागेत मावलाही नसता. हे मला तिथं, हातात आरसा धरून, कळलं. पण हातोडा कुठला हे त्या दिवशी निम्मंच होतं. शेवटची रिव्हेट पेडलच्या पट्टीची होती, बाईंच्या घोट्याला लागूनच. छिन्नी आणि पाय यांच्यामध्ये काही घालायला जागा नव्हती. तू डावा हात आत सरकवलास आणि तळवा त्यांच्या घोट्यावर पालथा घातलास. आता छिन्नी घसरली तर आधी तुझ्या हातात जाणार होती. मग मान वाकडी करून खांद्यानं कानातला कापूस पाडलास.

मी म्हणालो, "युसूफ, हात काढ."

"गप. ऐकू दे."

छिन्नी घसरली. मला तुझ्या खांद्याचा झटका दिसला, आणि कळशीच्या पाण्याबरोबर लाल ओघळ खाली आला. हातोडा थांबला नाही. तू घोडा अजून हळू केलास. दणके एकेक ऐकू यायला लागले, जणू कुणी सांभाळून दार ठोठावतंय. मग तू एकदम थांबलास. हवा होती, काटा वर होता, तरी थांबलास. आत काहीतरी टणकन पडलं.

"बाई, पाय वडा."

त्यांनी ओढला, आणि पाय आला.

माणसांनी त्यांना उचलून बबनच्या ट्रकात ठेवलं, पौडला आणि तिथून पुढं पुण्याला नेलं. गर्दी त्यांच्यामागं गेली. तू खाचराच्या बांधावर बसलास. एका बाईनं पदराची चिंधी फाडून तुझा तळवा बांधला. तू मला एवढंच विचारलंस, "पायाची बोटं हालत हुती का रं?"

"हालत हुती," मी म्हणालो.

तू मान हलवलीस आणि तांब्याभर पाणी मागितलंस. मी तुझ्याकडं बघत होतो. इतकी वर्षं एका ताटातली भाकरी खाल्लेला माणूस, आणि मला तुझ्याशेजारी बसायचा धीर होईना. देवळात किंवा दर्ग्यात मन कसं होतं ते मला फारसं माहीत नाही. विहारात सगळे उठून गेल्यावर कधी कधी होतं तसं काहीतरी झालं होतं. मी उभाच राहिलो.

पाय वाचला. कुंदाबाई पुढच्या वर्षीची भातं झोडायच्या वेळेला कामावर परत आल्या, जरा ओढत चालायच्या, पण चालायच्या. गॅरेजात आल्या त्या पेढे घेऊन. तुझा तळवा बघायला म्हणून त्यांनी हात हातात घेतला आणि मग सोडलाच नाही. थंडीचे दिवस होते. तुझी बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. त्यांनी सुईच्या टोकानं टोचून बघितलं. तू त्यांच्याशी बोलतच राहिलास, तुला कळलंही नाही.

"हे कधीपासून?"

"थंडीत हुतंय. दुपारी जातंय."

"हे त्या मशीनच्या थरथरीनं होतं. मी पुण्याच्या डॉक्टरांना विचारते. पण माझं ऐका युसूफभाई, हे हत्यार सोडा."

तू हसून म्हणालास, "आन तुमच्यावानी कोन अडाकलं तर?"

त्या चिडल्या. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. "माझा पाय वाचवलात म्हणून तुमचे हात जाऊ देऊ का मी?" पेढ्यांचा पुडा बाकड्यावर ठेवून निघून गेल्या. पण दर थंडीत येत राहिल्या, तुझी बोटं टोचत राहिल्या. पुण्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तू हातमोजे घेतलेस, मध्ये मध्ये थांबायला लागलास, जास्तीची कामं माझ्या आगीकडं सोडायला लागलास. पण हातोडा सोडला नाहीस.

इथं आपला वाद बदलला. आग की दणका हे मागं पडलं. मी म्हणायचो, ह्यो हातोडा तुझं हात खातोय. तू म्हणायचास, "खाऊ दे. आजवर मी त्याला खायला काय घातलं? नुसतं तेलाचं थेंब." पुढं पुढं तुला हाक ऐकू येईना. मी मागून बोलायचो आणि तू काम करत राहायचास. मग मी पुढं येऊन, तुझ्यासमोर उभा राहून भांडायचो. तू माझ्या ओठांकडं बघून हसायचास. शेवटचं भांडण गेल्या महिन्यात झालं. मी म्हणालो, हातोडा विकून टाकतो. तू म्हणालास, "विक. पन घेनाऱ्याला आधी पत्रा आन फळी दे." तेवढ्यात जेवायची वेळ झाली, आणि वाद तिथंच राहिला.

तू सोडायला हवा होतास असं मी आजही म्हणतो. तू दुसरं काही केलं नसतंस हेही मला ठाऊक आहे. ही दोन्ही वाक्यं एकमेकांना पटत नाहीत, आणि समजूत काढायला तू नाहीस.

कबरस्तानातून परत आलो तेव्हा तुझ्या ओट्यावर बाप्ये बसले होते. आत भाभीजवळ बायका होत्या, त्यांत कुंदाबाई. भाभी मला बघून दारापाशी आली. रडून तिचा आवाज बसला होता. म्हणाली, "भाऊजी, तुमाला ठावं न्हाई. नातीला ताप आला का बगायला ह्ये तिच्या कपाळाला गाल लावायचे. बोटाला कळत नव्हतं ना. ती म्हनायची, आजोबा दाढी टोचती. ह्ये म्हनायचे, जरा थांब, मला ऐकू दे."

मला हे ठाऊक नव्हतं, युसूफ. इतकी वर्षं तुझ्या हातांबद्दल भांडत होतो, आणि त्या हातांनी तुझं घरी कसं भागतंय ते मला ठाऊक नव्हतं.

उन्हं कलल्यावर कुंदाबाई निघाल्या. त्या आता निवृत्त झाल्यात, केस पांढरे झालेत. मी म्हणालो, बाई, बबनचा ट्रक हाय, सोडतो. त्यांनी मान हलवली. "नको सुदाम. आज चालत जाते." ओट्याची पायरी त्या उजवा पाय आधी टाकून उतरल्या. भर रस्त्यानं, मधूनमधून पाय ओढत, पण कुठंही न थांबता, त्या वळणापर्यंत चालत गेल्या. मी उठून उभा राहिलो, आणि त्या दिसेनाशा होईपर्यंत उभाच होतो.